कॅसलरॉकचा ट्रक आणि आमचे युद्धपट

गोव्यात चार टाळकी जमली आणि विषय सिनेमावर घसरला की 'तुझा आवडता युद्धपट कोणता?' हा प्रश्न हमखास निघतो. उत्तरंही ठरलेली असतात. साठीच्या पुढचे 'गन्स ऑफ नॅव्हरोन' म्हणतात, त्यांच्या मागचे 'बॉर्डर' आणि कॉलेजातली पोरं 'उरी'. मग कुठल्या तोफेनं काय उडवलं, सनी देओल किती मोठ्यानं ओरडला, यावर दोन तास जातात. जाऊ देत. करमणूक आहे, माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती या गप्पांच्या शेवटी हटकून येणाऱ्या एका वाक्याबद्दल. कुणीतरी विचारतं, आपल्या गोवा मुक्तीवर असा एखादा पिक्चर का नाही? आणि लगेच एखादा शहाणा उत्तर देतो, "कसला पिक्चर काढणार? छत्तीस तासांत सगळं आटपलं. युद्ध झालंच कुठे?" सगळे हसतात आणि पुढची ऑर्डर देतात.

मंडळी, हे वाक्य मला झोंबतं, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे ते खोटं आहे. आणि दुसरं, ज्याला हे वाक्य सुचतं त्याला युद्धपट ही चीजच कळलेली नाही.

खोटं कसं, ते थोडक्यात सांगतो. १८ आणि १९ डिसेंबर १९६१ या दोन दिवसांत भारताचे २२ जवान मारले गेले, ५४ जखमी झाले. पोर्तुगिजांचेही तीसच्या आसपास गेले. कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर उतरताना आपल्या नौदलाच्या सात जणांनी प्राण सोडले. ज्यांच्या घरी तार गेली त्यांना जाऊन सांगा की युद्ध झालंच नाही.

दुसरं कारण जरा विस्तारानं सांगायला हवं.

खरं सांगा, 'बॉर्डर'मधलं (१९९७) तुम्हाला काय आठवतं? रणगाडे किती होते हे कुणालाच आठवत नाही. आठवतं ते गावाकडून आलेल्या पत्रांचं गाणं. आणि आठवते ती रात्र. मूठभर माणसं लोंगेवालाच्या ठाण्यात बसून उजाडायची वाट बघतात, कारण उजाडल्याशिवाय आपली विमानं येऊ शकत नाहीत. बाकीचा आरडाओरडा काढून टाका, सिनेमा म्हणजे ती वाट बघणं. चेतन आनंदच्या 'हकीकत'मध्ये (१९६४) तर विजयच नाही, सगळी माघार आहे. त्यातलं काय राहिलं? बर्फात रात्री शेकोटीपाशी बसलेले जवान, आणि घरच्यांची आठवण काढणारे रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर यांचे चार आवाज. साठ वर्षं झाली, ते गाणं लागलं की अजून माणसं हातातलं काम थांबवतात. गोळीबार मात्र कुणीही गुणगुणत नाही.

बाहेरचं बघा. रशियन 'बॅलड ऑफ अ सोल्जर'मधला (१९५९) पोरगा आईच्या घराचं छप्पर दुरुस्त करायला रजा घेऊन निघतो, आणि जवळजवळ सगळा सिनेमा आगगाडीत घडतो. रेन्वारच्या 'ग्रँड इल्यूजन'मध्ये (१९३७) लढाई दिसतच नाही, कैदेतली माणसं दिसतात. डेव्हिड लीनच्या 'क्वाय'मध्ये (१९५७) लोक शिट्टीवरची धून आणि एक पूल लक्षात ठेवतात, आणि त्या पुलापायी डोकं फिरलेला एक कर्नल. आणि आपल्या नानाचा 'प्रहार' (१९९१)? बेळगावच्या कमांडोंचं ते रगडून काढणारं प्रशिक्षण बघताना धाप लागते, हे खरं. पण पोटात तुटतं ते पाय गमावलेला पीटर डिसोझा बापाच्या बेकरीत परततो तेव्हा. हबीब तन्वीरचा तो म्हातारा पोदेर मी विसरू शकत नाही. ज्याच्या पावावर आपण सकाळ उजाडवतो त्याच्या घरात युद्ध येऊन बसतं, हे दाखवायला नानाला एकही रणगाडा लागला नाही.

मराठी माणसाला तर हे वेगळं शिकवायलाच नको. लहानपणापासून आपण जी लढाई ऐकत आलो ती बाजीप्रभूंची. त्या गोष्टीचा प्राण कशात आहे? तलवारीत? छे. विशाळगडावरच्या तोफांचे बार कानी येईपर्यंत तग धरण्यात. एका आवाजाची वाट बघणारा माणूस ही आपली सर्वांत मोठी युद्धकथा आहे. आणि तरी आम्ही विचारतो की छत्तीस तासांत काय दाखवणार.

आता हीच पट्टी आपल्या युद्धाला लावून बघायची तर घाट चढून जोयडा तालुक्यात जावं लागेल. फोंड्याहून बेळगावला निघालं, मोले मागं पडलं की घाट, आणि घाटमाथ्यावर अनमोड. आपल्या लेखी अनमोड म्हणजे चहा, भजी आणि चेकनाका. गाव उत्तर कन्नड जिल्ह्यातलं. तेव्हा या तालुक्याला सुपा म्हणायचे. सुपा गाव पुढे काळी नदीच्या धरणात गेलं आणि तिथल्या माणसांसाठी रामनगर वसवलं. कुणबी आणि गवळी धनगरांचा हा मुलूख, बोली आपल्याला सहज कळते अशी. १८ डिसेंबरच्या पहाटे ६३ इन्फंट्री ब्रिगेड या बाजूनं घाट उतरली. २ बिहार आणि ३ शीख या पलटणी दोन अंगांनी येऊन मोल्याला मिळाल्या, आणि रात्र पडेतो एक खांडेपारला पोचली, दुसरी धारबांदोड्याला. वाटेत प्रतिकार असा झालाच नाही. त्यांना अडवलं ते उडवलेल्या पुलांनी. लीनला एक पूल पुरला होता. इथं नद्यांवरचे पूल पडलेले, सैन्य काठावर थांबलेलं, आणि पलीकडच्या गावात दार किलकिलं करून बघणारी माणसं: येताहेत ते कोण, आणि उद्यापासून आपण कुणाचे? तो अर्धा दिवस आणि एक रात्र कुठल्याही लढाईपेक्षा नाट्यमय नाही, असं कोण म्हणेल?

पण या रस्त्याकडे कॅमेरा वळलाच नाही. कॅमेरा गोव्यात आला तो वेगळ्याच कामाला. मुक्तीला चार वर्षं होताहेत तोच 'जोहर मेहमूद इन गोवा' (१९६५) आला, आणि पोर्तुगीज राजवट ही दोन विदूषकांच्या धावपळीची पार्श्वभूमी झाली. 'सात हिंदुस्तानी'ला (१९६९) मी तितकं टाकून बोलणार नाही. ख्वाजा अहमद अब्बासांची तळमळ खरी होती, सत्याग्रहाचा विषय खरा होता, आणि अमिताभ नावाचा लंबू त्यातून मिळाला. पण त्या सातांमधले सहा बाहेरून येतात. गोव्याची एकटी मारिया. गोवा म्हणजे भारताच्या एकात्मतेचा तक्ता लावायची भिंत, एवढंच काम आपल्याला दिलं. 'पुकार'मध्ये (१९८३) तेवढंही उरलं नाही, तिथं मुक्तिलढा म्हणजे अमिताभच्या हाणामाऱ्यांना एक निमित्त. आणि ज्या ग्रेगरी पेकनं 'नॅव्हरोन'चा कडा चढला तोच 'सी वुल्व्ज'साठी (१९८०) मुरगाव बंदरातलं जर्मन जहाज बुडवायला आला. मार्च १९४३ ची ती घटना खरी आहे, कलकत्त्याचे निवृत्त गोरे खरोखर आले होते. पण त्या सिनेमात गोवेकर कुठे आहेत ते शोधून दाखवा.

यांतून एक वगळायचा: बेनेगलांचा 'त्रिकाल' (१९८५). लोटलीला, मारिओ मिरांडाच्या घरात चित्रित झालेला. युद्ध घराबाहेर आहे, घरात मर्तिक, लग्नाची बोलणी आणि भिंतीतून येणारं राण्यांचं भूत. हा आपल्या युद्धाचा आजवरचा सर्वांत चांगला सिनेमा, आणि त्यात युद्ध दिसत नाही, म्हणजे माझंच म्हणणं झालं. मात्र 'त्रिकाल' बघतो तो भाटकाराच्या बाल्कांवातून. घाटमाथ्यावरून, जंगलातून या लढ्याकडे कुणी बघितलंच नाही. आणि खरी गोष्ट तिथंच होती.

कॅसलरॉक. अनमोडच्या दक्षिणेला, त्याच तालुक्यातलं रेल्वे स्टेशन. आमच्या आजोबांच्या पिढीला हे नाव पक्कं ठाऊक. मुंबईला जाणाऱ्या गोंयकाराची हद्द इथं संपायची. खाली कुळ्याला पाखल्यांची जकात आणि वर इकडची, दोन्हीकडे ट्रंका उघडून दाखवायच्या. १९५५ च्या सत्याग्रहात याही बाजूनं तुकड्या सीमेवर गेल्या. त्याच वर्षी भारतानं नाकेबंदी केली आणि या मार्गावरची वाहतूक बंद पडली. पुढची सहा वर्षं दूधसागरावरून गाडीची शिट्टी नाही.

त्या गप्प झालेल्या जंगलात एक आवाज होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. २५ नोव्हेंबर १९५५ ला त्यांनी गोव्याच्या सोडवणुकीचा आवाज हे गुप्त रेडिओ केंद्र सुरू केलं, आधी आंबोलीच्या रानात आणि पुढे कॅसलरॉकच्या. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीत (१९५४) हाती लागलेल्या बिनतारी यंत्रांतून ट्रान्समीटर उभा केला आणि तो ट्रकवर चढवला. (त्या दादरा-नगर हवेलीच्या सशस्त्र मोहिमेत खुद्द आपले बाबूजी, सुधीर फडके होते. ज्यांच्या चालींवर महाराष्ट्र डोलला ते गळ्यातला आवाज बाजूला ठेवून लढायला गेले होते. त्यावर पडद्यावर काही आलंय का? माझ्या तरी पाहण्यात नाही.)

कोकणीत आणि पोर्तुगिजात, सकाळ-संध्याकाळ, १९५५ पासून १९६१ पर्यंत. इकडे पणजीला सरकारची 'एमिसोरा द गोवा', वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि तिकडे रानातल्या ट्रकमधून सांगितलं जातंय की लिस्बन सांगतंय ते खरं नव्हे. गोव्यात लोक दारं लावून, आवाज बारीक करून ऐकायचे. आता यात तुम्ही सिनेमा बघा. लिबिया मुंबईत वाढलेली, शिकलेली, आकाशवाणीत काम केलेली मुलगी. ती रानात येते. जंगलात आपण आहोत हे कुणाला कळता कामा नये, आणि तरी काम काय, तर बोलायचं. सगळ्या गोव्यानं ऐकावं असं बोलायचं. सीमेपलीकडे ऐकणारे किती, कोण, हे कधीच कळणार नाही. जळवा, पाऊस, रात्री जनावरं. कोकणी-मराठीचा जुना वाद कृपा करून इथं आणू नका. त्या ट्रकमध्ये काय भाषेत बोलले यापेक्षा कुणासाठी बोलले ते बघा.

त्यातही एक गंमत. राज्य पुनर्रचनेत नोव्हेंबर १९५६ ला हा सगळा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. गोवा सोडवायचं केंद्र चालूच होतं, भोवतालची राज्यं मात्र बदलली. पटकथा लिहिणाऱ्याला याहून काय हवं?

आणि शेवट बघा. डिसेंबर १९६१ मध्ये भारत सरकारचा शरण येण्याचा निरोप गव्हर्नरपर्यंत पोचवायला हाच आवाज वापरला गेला. १९ डिसेंबरला वामन आणि लिबिया यांना विमानात बसवलं, विमानाला ध्वनिक्षेपक लावला, आणि सहा वर्षं लपून बोलणाऱ्या त्या दोघांनी गोव्यावर घिरट्या घालत पोर्तुगिजात आणि कोकणीत सांगितलं की गोवा मुक्त झाला. बाजीप्रभूंना ऐकू आलेल्या तोफांनंतर आपल्या भागातला हा दुसरा आवाज. पुढं दोघांनी लग्न केलं. लिबिया लोबो सरदेसाई मुक्त गोव्याच्या पहिल्या पर्यटन संचालक झाल्या, आणि २०२५ मध्ये, शंभरी गाठल्यावर, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वामन सरदेसाईंना ती १९९२ मध्येच मिळाली होती. १९९४ मध्ये ते गेले.

मागे कॅसलरॉकला गेलो होतो तेव्हा स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला या रेडिओबद्दल विचारलं. तो म्हणाला, "दूधसागरला जायचंय ना? रुळावरून चालायला आता बंदी आहे." त्याला बोल लावत नाही. ज्या मार्गावर हे सगळं घडलं तो मार्ग उभ्या देशाला ठाऊक आहे तो 'चेन्नई एक्स्प्रेस'मुळे (२०१३), शाहरुखची गाडी धबधब्यापाशी थांबते म्हणून.

'विषयच नाही' म्हणणाऱ्यांना आणखी एक विचारायचं आहे. उषा मेहतांच्या १९४२ च्या काँग्रेस रेडिओवर २०२४ मध्ये 'ऐ वतन मेरे वतन' आला. चांगली गोष्ट. उषाबेनचं धाडस थोरच. पण तो रेडिओ तीन महिने चालला. आपला सहा वर्षं चालला, आणि त्याच्यावर एक धड कथापट नाही. तेव्हा विषय नाही हे कारण सांगू नका.

दुसरी बाजूही पडलेली आहे, तिचंही कुणाला काही नाही. पणजीत बसलेला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा. सालाझारचा हुकूम असा की शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरणागती नाही. (त्यानं लिस्बनला दारूगोळ्यासाठी सांकेतिक शब्द म्हणून 'शोरीस' मागवले आणि विमानातून खरोखरचे शोरीस आले, अशी एक आख्यायिका गोव्यात मोठ्या चवीनं सांगतात.) या माणसानं हुकूम मोडला. शरण आला आणि हजारोंचे जीव वाचवले, त्यात आपलेही. बदल्यात १९६३ मध्ये सैन्यातून बडतर्फ झाला. लिस्बनमध्ये क्रांती झाली तेव्हा, १९७४ मध्ये, हुद्दा परत मिळाला. १९८० मध्ये तो गोव्यात आला आणि लोकांनी त्याचं चांगलं आगतस्वागत केलं. पोर्तुगीज मानुएल द ऑलिव्हेराला आपल्या देशाच्या पराभवांवर 'नॉन' (१९९०) काढावासा वाटला, त्यात आफ्रिकेतल्या लढाईवर निघालेले सैनिक ट्रकमध्ये बसून इतिहासातल्या हरलेल्या लढायांबद्दल बोलतात. हरलेले लोक आपल्या हरण्यावर असा सिनेमा काढतात आणि जिंकलेले आम्ही म्हणतो, दाखवण्यासारखं काही घडलंच नाही.

मग दोष कुणाचा? बॉलिवूडचा म्हणून हात झटकू नका. २००४ पासून इफ्फी आपल्या पणजीत कायमचा आला, दरवर्षी आपण रांगा लावून जगाचे युद्धपट बघतो आणि कॅफेत बसून कपाळाला आठ्या घालून त्यावर बोलतो. मराठीत 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड' अशी ऐतिहासिक चित्रपटांची लाट आली, त्यांना गोव्यातही गर्दी झाली. चांगलं आहे. पण तिला साडेतीनशे वर्षांपूर्वीचा गनीम चालतो, साठ वर्षांपूर्वीचा चालत नाही, कारण त्याच्याबरोबर आपल्या आजोबांचे खरे प्रश्न येतात: कोण सत्याग्रहाला गेला, कोण घरी बसला, कोणी पाखल्याकडे नाव दिलं. ते प्रश्न विचारण्यापेक्षा 'युद्ध झालंच कुठे' म्हणणं सोयीचं पडतं. त्या हसण्यामागे हे आहे, असा माझा स्पष्ट आरोप आहे. कुणाला लागला तर लागू दे.

आणि जंगल कॅमेऱ्यात धरता येत नाही असं म्हणाल, तर लक्ष्मीकांत शेटगांवकरांनी 'पलतडचो मुनीस'मध्ये (२००९) ते धरून दाखवलं, टोरांटोहून बक्षीस घेऊन आले. ती कथा महाबळेश्वर सैलांची, आणि सैल स्वतः कारवारकडच्या माजाळीचे, सैन्यात नोकरी केलेले. म्हणजे हा मुलूख जाणणारा लेखक आहे, रानाला डोळा देणारा दिग्दर्शक आहे, आणि रान तर तिथंच आहे, बरंचसं अभयारण्यात.

उद्या कुणी हा सिनेमा काढायला निघालाच तर माझ्या दोन-तीन अटी. अनमोडच्या घाटात रणगाड्यांची रांग दाखवू नका. ६३ ब्रिगेडला पडलेला पूल आणि काठावर पेटवलेल्या चुली पुरतील. लिबियाला नाचवू नका. पाखल्यांच्या तोंडी हिंदी घालू नका, खाली अक्षरं द्या, आमचे लोक वाचतात. आणि चित्रीकरण डिसेंबरात गोव्याची थंडी बघून करू नका. जुलैत कॅसलरॉकला या, छत्री मोडेल असा पाऊस असतो, ट्रक चिखलात रुतेल, आणि जळवांचे पैसे द्यावे लागणार नाहीत.